दातांची घाई

मांजरी गावच्या बायडाबाई घुल्यांनी चोपन्नाव्या वर्षी दातांना तारा बसवून घ्यायचं ठरवलं, तेव्हा भावकीला महिनाभर पुरेल एवढा विषय मिळाला. थोरल्या जाऊबाई तर ओट्यावर येऊन म्हणाल्या, "लेक लग्नाची झाली, आन् आई नटाया निघाली व्हय?" पदराचं टोक तोंडाशी धरून बायडाबाईंनी कपबश्या उचलल्या आणि त्या आत गेल्या.

तोंडाशी पदर ही त्यांची जन्माची सवय. वरचे दात असे पुढे होते की ओठ ओढून घेतल्याशिवाय मिटायचे नाहीत, आणि ओढून घेतले की चेहरा रागावल्यासारखा दिसायचा. बघायला आले तेव्हा मामीनं बजावलं होतं, "ओठ दाबून बस, इचारतील त्येला हां-हूं कर." मुलगी फार लाजाळू आहे म्हणून पाहुणे खूश होऊन गेले. पण लग्नात नाव घ्यायची वेळ आली, तिथं कुठली पळवाट? बायडानं उखाणा घेतला, पोरी खिदळल्या, तिलाही हसू फुटलं, आणि शेजारी बसलेल्या बजरंगनं ते दात पहिल्यांदा पाहिले. तो तिच्या कानाशी वाकून एवढंच म्हणाला, "तोंड मिट." नवऱ्यानं बायकोशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

आता एवढ्याशा दोन शब्दांवर कुणी उभा जन्म काढावा का? काढू नये. बायडाबाईंनी काढला. तक्रार करायला तशी जागा नव्हती. मारहाण नाही, दारू नाही, बाहेरची भानगड नाही. मार्केट यार्डात कांद्याचा गाळा, चार माणसांत मान, घरात काही कमी नाही. फक्त नवऱ्यासमोर त्या कधी तोंडभर हसल्या नाहीत, आणि कुठल्याही फोटोत त्या मागच्या रांगेतच सापडायच्या. नवऱ्याला आपली लाज वाटते, असं त्यांनी मनाशी पक्कं धरून ठेवलं होतं. त्याला कधी विचारलं नाही. असल्या गोष्टी आपल्याकडं विचारत नाहीत, हीच तर पंचाईत आहे.

बजरंगअण्णांची स्मरणशक्ती हा यार्डात कौतुकाचा विषय होता. शिरूरचा शेतकरी कोण, दौंडचा कोण, कुणाच्या थोरल्या पोराचं कुठं जमलंय, सगळं तोंडपाठ. मग एकाचा माल दुसऱ्याच्या नावावर लागायला लागला. लिलावात बोललेला भाव पुन्हा बोलायला लागले. एकदा गाळ्यावरून निघाले ते घरी आलेच नाहीत. संध्याकाळी हडपसरच्या एका सोसायटीच्या गेटवर बसलेले सापडले. पूर्वी तिथं त्यांच्या मावशीचं शेत होतं, आणि ते वॉचमनला विहीर कुठं गेली म्हणून विचारत होते.

मेंदूच्या डॉक्टरांनी लेकीला, तनुजाला, इंग्रजीत आणि बायडाबाईंना मराठीत समजावलं. हे थांबत नाही, फार तर थोडं लांबवता येतं. आधी कालचं जाईल, मग जुनं, मग माणसं.

"मला कवा इसरतील?" बायडाबाईंनी विचारलं.

"नक्की नाही सांगता येत, बाई. दीड वर्ष, दोन वर्षं. कमीही, जास्तही."

परतीच्या वाटेवर तनुजा गाडी चालवत होती आणि गुपचूप डोळे पुसत होती. बायडाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मगरपट्ट्याच्या सिग्नलला त्या म्हणाल्या, "तनू, त्या तारा बसवत्यात ना दातान्ला, तसल्या मला बसवायच्यात."

"आई, सीरियसली? आत्ता?"

"आत्ताच. मागनं काय उपेग?"

तनुजा एका आयटी कंपनीत कामाला, हुशार, घरातल्या सगळ्या अडचणी फोनवरून सोडवणारी. पण ही अडचण तिच्या डोक्यात शिरेना. मग बायडाबाईंनी सिग्नल सुटायच्या आत सांगून टाकलं. नवरा आपल्याला विसरणार. विसरू दे, त्याच्या हातात नाही ते. पण विसरायच्या आधी एकदा त्याच्यासमोर उभं राहून मन मोकळं हसायचंय. त्यानं ते बघावं, आणि तोंड मिट म्हणू नये. त्याच्या डोक्यात शेवटचा राहायचा तो चेहरा तरी नीट राहू दे.

"अण्णांना काय पडलंय गं तुझ्या दातांचं?" तनुजा म्हणाली.

"तुला काय म्हायती," बायडाबाई म्हणाल्या, आणि तो विषय तिथंच संपला.

डॉक्टर शेफालींचा दवाखाना सदाशिव पेठेत, एका क्लासच्या वर. जिन्यात पोरांच्या चपलांचा ढीग. काउंटरवरच्या बाईंनी तनुजाकडं बघून विचारलं, "पेशंट आपणच ना?"

"मी हाय," बायडाबाई पदराआडून म्हणाल्या.

"बरं. वयाची अट नाही आमच्याकडे, वेळेची आहे. दहाची वेळ होती तुमची."

डॉक्टर शेफाली मात्र गोड बोलायच्या. त्यांनी एक्स-रे दाखवला, हिरड्या तपासल्या, वरचे बाजूचे दोन दात काढावे लागतील म्हणाल्या. त्या रिकाम्या जागेत पुढचे दात हळूहळू मागे ओढून आणायचे. दात काही भिंतीतल्या खिळ्यासारखा नसतो, तारेनं सतत दाबलं की एका बाजूचं हाड विरघळतं आणि दुसऱ्या बाजूला नवं भरतं, आणि दात जागा बदलतो. लहान मुलांचं हाड लवकर ऐकतं. तुमचं जरा हट्टी असणार. अडीच वर्षं धरा.

"येवढा येळ न्हाई माझ्यापाशी," बायडाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांना वाटलं, बाईंनाच काही मोठं दुखणं आहे. तनुजानं खरं कारण सांगितलं. शेफाली थोडा वेळ हातातला आरसा पुसत राहिल्या. मग त्यांनी खणातून एक डबी काढली. घोड्याच्या नालेच्या आकाराची मऊ पट्टी, आणि तिला पुढं जोडलेली अंगठ्याएवढी मोटर. पट्टी दातांत धरायची, बटण दाबायचं, वीस मिनिटं ती बारीक थरथरते आणि आपली आपण बंद होते. रोज एकदा.

"मी खोटी आशा दाखवणार नाही," त्या म्हणाल्या. "काही अभ्यास सांगतात की यानं दात लवकर सरकतात, काही सांगतात की काही फरक पडत नाही. माझ्याकडे दोन्ही प्रकारचे पेशंट आहेत. सांगितलं तसं वापरलं तर अपाय नाही, एवढं मी सांगू शकते. पण हे लक्षात ठेवा, ओढायचं काम तारेचं. ही थरथर दात ओढत नाही, हाडाला फक्त जागं ठेवते. आणि जास्त वेळ लावलं म्हणून जास्त लवकर होत नाही."

बायडाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यातलं 'लवकर' तेवढं मनात ठेवलं, बाकी सोडून दिलं.

दिवेलागण झाली की बायडाबाई ओट्यावरच्या बाकावर बसून पट्टी दातांत धरायच्या. बटण दाबलं की कानामागं गुणगुण सुरू व्हायची आणि गाल थरथरायचे. पट्टीनं ओठ आणखी पुढं यायचे. पहिल्या दिवशी बजरंगअण्णा पोट धरून हसले.

"हे काय गं नवीन? तोंडात भुंगा धरलाय व्हय?"

बायडाबाईंना उत्तर देता येईना. लाळ सांभाळू की बोलू? मग अण्णाच बोलायला लागले. इतक्या वर्षांत हा माणूस घरी कधी बोललाच नव्हता. पहाटे यार्डात जायचा, दुपारी येऊन झोपायचा, घरात लागणारे शब्द अगदी मोजके. आता समोरची गप्प आहे म्हटल्यावर त्यांना कंठ फुटला. वडलांनी बैल विकला तेव्हा आपण तीन कोस मागं पळत गेलो होतो ते. पहिल्यांदा गाळ्यावर बसले तेव्हा भाव पुकारताना आवाजच फुटला नाही ते. कालचं काही आठवत नव्हतं, पण जुनं सगळं लख्ख होतं. मधेच ते बोट बायडाबाईंच्या गालावर टेकवायचे आणि गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "मोटर चालू हाय."

वीस मिनिटांनी मशीन बंद पडलं की बायडाबाईंना वाईट वाटायचं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर एका बाईला नवऱ्याच्या शेजारी बसायची चटक लागली होती, दुसरं काय.

म्हणून असेल, की घाई म्हणून असेल, त्यांनी सकाळीही मशीन लावायला सुरुवात केली. मग दुपारीही. तनुजा ऑफिसात, बघणारं कोण? पुढचा एक दात ठणकायला लागला तरी दाताचं काम म्हणजे दुखणारच, अशी समजूत करून घेतली. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि त्यांचा गोड आवाज एकदम उतरला.

"किती वेळा लावता?"

बायडाबाई तारांसकट ओठ मिटायचा प्रयत्न करत राहिल्या.

"या दाताच्या मुळाचं टोक झिजायला लागलंय. कशानं ते मी छातीठोक सांगू शकत नाही. तारांनीही होतं. पण मी एकदा सांगितलं असताना तुम्ही तीनदा लावताय. मूळ गेलं तर दात हलेल, पडेल. हाड तुमच्या घाईनं नाही चालत, बायडाबाई."

मशीन काही आठवडे बंद झालं, तारही सैल सोडली. ते आठवडे बायडाबाईंनी तळमळत काढले. अण्णा ओट्यावर येऊन बसायचे, गुणगुण ऐकू आली नाही की उठून जायचे. पुन्हा परवानगी मिळाल्यावर मात्र त्या वीस मिनिटांच्या वर गेल्या नाहीत. आणि दात सरकत होते. थरथरीनं की तारेनं की बायडाबाईंच्या नवसानं, ते शेफालींनाही सांगता आलं नसतं, पण अडीच वर्षांचं काम पावणेदोनात आलं.

ज्या सकाळी तारा निघाल्या, त्या सकाळी शेफालींनी आरसा हातात दिला. बायडाबाईंनी आधी ओठ मिटले. ते मिटले. ओढून घ्यावे लागले नाहीत, दाबून धरावे लागले नाहीत, झोपलेल्या माणसाचे मिटतात तसे मिटले. मग त्या हसल्या. काउंटरवरच्या बाई दारातून डोकावून म्हणाल्या, "छान. आता हे वेळेवर दाखवायला या म्हणजे झालं." त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूपच. शेफालींनी दातांवर चढवायचं पातळ पारदर्शक कवच, रिटेनर, दिलं आणि बजावलं, "हे रात्री लावायचं, चुकवायचं नाही. दातांना जुन्या जागेची ओढ असते. नाही लावलं तर परत सरकायला लागतात."

बायडाबाई घरी येऊन मोरपिशी नऊवारी नेसल्या. तनुजानं सुट्टी काढली होती, ती फोनवर व्हिडिओ काढायला तयार. अण्णा ओट्यावर बसले होते. गेल्या काही महिन्यांत त्यांनी बायकोला नावानं हाक मारणं सोडलं होतं. जेवण वाढलं की जेवायचे, हात धरला की चालायचे. पण मशीन लावून बसलं की येऊन शेजारी बसायचे, म्हणून बायडाबाईंनी फार मनावर घेतलं नव्हतं.

त्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. पदर खांद्यावर, हात मोकळे. "अहो," म्हणाल्या, आणि हसल्या. जन्मात पहिल्यांदा नवऱ्यासमोर तोंडभर हसल्या.

अण्णांनी नीट पाहिलं. मग उठले आणि दोन्ही हात जोडले.

"या, ताई. बसा. घरात हाय ती, बोलावतो." आणि दाराकडं तोंड करून हाक मारली, "अगं बायडे! पाव्हण्या आल्यात!"

तनुजाचा फोन चालूच राहिला होता. तिनं तो बंद केला.

"अहो, मीच बायडा," बायडाबाई म्हणाल्या. आवाजही जरा बदललेला. दात मागं गेल्यापासून त्यांचा प आणि ब स्वच्छ उमटायला लागला होता. सगळे कौतुक करायचे.

अण्णा अवघडून हसले. "चेष्टा करताय व्हय?" म्हणाले, आणि बायकोला बोलवायला आत गेले. स्वयंपाकघरात बघून आले, न्हाणीत बघून आले, मागच्या दारी बघून आले. बायडाबाई होत्या तिथंच उभ्या होत्या.

मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे कधीतरी होणारच होतं. दातांचा दोष नाही, आजाराचा आहे. तनुजानंही तेच समजावलं. पण मग अण्णा तनुजाला कसे ओळखत होते? थोरल्या जाऊबाईंनाही ओळखत होते. आणि गल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाला थांबवून विचारत होते, "पुढं दात आसल्याली बाई दिसली का हो? आमची हाय." टपरीवरची पोरं हसायची. जाऊबाईंनी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं, आणि सांगून झाल्यावर मात्र त्यांनाच रडू आलं.

घरात बायडाबाई आता 'ताई' झाल्या. कामाला ठेवलेली कुणी भली बाई आहे असं अण्णांनी धरून घेतलं होतं. तिच्याशी ते अदबीनं वागायचे. एरवी ज्या बाईला ते 'ए' नाहीतर 'अगं' म्हणत आले, तिला आता 'अहो' म्हणत होते. भाकरी वाढली की म्हणायचे, "तुमी जेवलात का?" हे एवढं विचारावं म्हणून बायडाबाईंनी कधीकाळी देव पाण्यात ठेवले असते. आता तो प्रश्न ऐकला की त्या तव्याकडं वळायच्या.

एका दुपारी त्या कांदा चिरत बसल्या होत्या. अण्णा येऊन समोर टेकले.

"ताई, तुमी बघितलं का आमच्या बायडीला कधी?"

"बघितलंय की," बायडाबाई म्हणाल्या.

"दात असे पुढं." त्यांनी बोटांनी दाखवलं. "लग्नात मला कुणी सांगितलंच न्हवतं. येकदम हसली, आन् मला लाजच वाटली. चार गडी काय म्हंतील? तोंड मिट म्हनलो. येडा व्हतो. मग कधीतर, साल आठवत न्हाई, आळंदीच्या गर्दीत चुकामूक झाली. माझी छाती अशी धडधडाय लागली. हिकडं बघ, तिकडं बघ. आन् लांबनं तिचे दात दिसले. कणीस सोलल्यावानी. तवापास्नं कुठं बी गर्दीत गेलो की म्या दातावरनं हुडकायचो तिला. ती पदर लावायची, मला राग यायचा. आता लावू नको पदर, हे कसं म्हनावं बायकोला? ऱ्हाऊनच गेलं."

बायडाबाईंचा विळीवरचा हात थांबला होता.

"तुमाला भेटली तर तेवढं सांगा," अण्णा म्हणाले. "कांद्यानं डोळं लाल झाल्यात बघा तुमचं. जावा, तोंड धुवून या."

त्यांनी जाऊन तोंड धुतलं. मोरीत पाणी सोडून ठेवलं आणि त्या आवाजात इतकं रडल्या की शेवटी भिंतीला धरून खाली बसल्या. सगळा जन्म ज्याची वाट बघितली ते ऐकायला मिळालं होतं, आणि ते दुसऱ्याच बाईला सांगितलं गेलं होतं. पुढचे ते दात असते तर ऐकायला मिळालं नसतं, आणि दात असते तर नवरा राहिला असता. यात कुणाला दोष द्यायचा, सांगा.

त्या रात्रीपासून त्यांनी रिटेनर लावणं सोडलं. दातांना जुन्या जागेची ओढ असते, हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. रोज सकाळी त्या आरशासमोर ओठ मिटून बघायच्या. सहज मिटले की त्यांचा दिवस वाईट जायचा. शेवटी धीर निघेना, तेव्हा तनुजाला न सांगता हडपसरहून बस धरून त्या एकट्याच सदाशिव पेठेत गेल्या.

"डाक्टर, दात परत पुढं आणा."

शेफालींना आधी कळलंच नाही. मग बायडाबाईंनी सगळं सांगितलं. मध्ये एकदाही रडल्या नाहीत, रडण्यात वेळ घालवायचा नव्हता. "तारा उलट्या बाजूनं बसवा. ते थरथरायचं मशीन हाय माझ्यापाशी. घाई हाय हो. तनूला बी आता कधीकधी वळखत न्हाईत ते. सारं जायच्या आत मला येकदा वळखू द्या."

शेफालींनी खुर्ची जवळ ओढली. "बायडाबाई, दोन दात काढून त्या जागेत बाकीचे आणलेत. ती जागा आता उरलेली नाही. रिटेनर नाही लावलं तर दात थोडे सरकतील, वाकडे होतील, पण तुमचे पूर्वीचे दात परत येणार नाहीत. आणि त्या मुळांवर मी पुन्हा तार चढवली तर ते पडतील. ते मी करणार नाही."

"मग नुसतं मशीन लावते. दिसातनं येकदाच. वीस मिनिटं."

"तार नसताना ते काहीच करत नाही. नुसतं थरथरतं."

"काहीच न्हाई?"

"काहीच नाही," शेफाली म्हणाल्या. मग पेशंट बाहेर खोळंबले असताना त्या बायडाबाईंचा हात धरून बसून राहिल्या, आणि काउंटरवरच्या बाईंनीही वेळेचं काही काढलं नाही.

बायडाबाई घरी पोचल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. अण्णा गेटाशी उभे राहून रस्त्यावरच्या बायका न्याहाळत होते. "ताई आल्या का" म्हणत त्यांनी बायडाबाईंना नमस्कार केला आणि पुन्हा रस्त्याकडं वळले. बायडाबाईंनी देवापुढं दिवा लावला. काहीच होत नाही हे त्यांना पक्कं कळलं होतं, डॉक्टर खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. तरी त्यांनी कपाटातून मशीन काढलं, धुतलं आणि ओट्यावरच्या बाकावर येऊन बसल्या. दुसरं करण्यासारखं तरी काय उरलं होतं? पट्टी दातांत धरली. ओठ पुढं आले, मिटेनात. बटण दाबलं.

गुणगुण सुरू झाली तसं गेटाशी उभ्या असलेल्या अण्णांनी मागं वळून पाहिलं. थोडा वेळ पाहत राहिले. मग झपाझप चालत आले, पायात चप्पल तशीच.

"आलीस व्हय गं? कवाधरनं हुडकतोय. कुठं गेली व्हतीस?"

बायडाबाईंनी घाईघाईनं पट्टी तोंडातून काढली. "हितंच व्हते की हो. हितंच हाय मी."

अण्णांचा चेहरा विझला. ते दोन पावलं मागं सरकले. "ताई, हितं आमची बसली व्हती," ते म्हणाले, "तुमी उठिवली का तिला?" आणि ते बाकाखाली, तुळशीमागं, दाराआड बघायला लागले.

बायडाबाईंनी पट्टी पुन्हा दातांत घातली, पण ती नीट बसेना. शेवटी बसली. अण्णा फिरून बाकापाशी आले आणि हुश्श करून शेजारी टेकले. त्यांनी बोट बायडाबाईंच्या गालावर ठेवलं. तिथं थरथर होती आणि पाणीही होतं. ते त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसलं.

"रुसलीस?" त्यांनी विचारलं.

बायडाबाईंना सांगायचं एवढं होतं की मावत नव्हतं. आळंदीचं कळलं, हे सांगायचं होतं. पदर आता लावत नाही, हे सांगायचं होतं.

"बोल की कायतरी," अण्णा म्हणाले. "म्याच किती बोलू?"

आत तनुजा ऑफिसातून मागच्या दारानं येऊन दाराशी उभी होती, पण तिनं दिवा लावला नाही. जरा वेळानं गुणगुण थांबली. मशीन आपलं आपण बंद पडलं होतं. बायडाबाईंनी ते दातांतून काढलं नाही. बजरंगअण्णा त्यांचा हात धरून शेजारी बसून होते, ती काहीतरी बोलेल म्हणून तिच्या तोंडाकडं बघत.